प्रार्थनाघराची ओली भिंत

३ फेब्रुवारी

चि. नळ्यास,

आशीर्वाद. पत्र शेवटपर्यंत वाचलंस तर आणखी एक मिळेल, तो शेवटी ठेवलाय.

फोन का केला नाही असं विचारू नकोस. फोनवर तू एका हाताने कुणाच्या तरी बेसिनखालचा पाइप आवळत असतोस आणि मला नुसतं 'हं, हं' करत असतोस. मागच्या वेळी मुद्दाम म्हटलं, तुझी आत्या काल वारली. तर तू म्हणालास, 'हं, बरं झालं.' कागदावर तुला हं करता येत नाही.

तुला आमचं प्रार्थनाघर आठवत असेल. लहानपणी सुट्टीत आलास की गाणी चालू असताना बाकाखाली जाऊन झोपायचास. तिथली किल्ली अजून माझ्याकडेच असते. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून तेवढंच काम उरलंय. सकाळी उघडायचं, झाडून काढायचं आणि संध्याकाळी गाणं सुरू करून द्यायचं, कारण बाकीच्यांना सूर सापडेपर्यंत गाणं संपत येतं. डोळ्यांनी सुईला दगा दिला, पण घसा शाबूत आहे.

तर बातमी अशी. आम्ही ज्या भिंतीकडे तोंड करून बसतो तिच्यावर ओल उमटलीय. साधी ओल नव्हे, पसरत पसरत तिला आकार आलाय. मला त्यात आशीर्वादाचा हात दिसतो. पाववाल्याला पाव दिसतो, पण त्याला ढगातही पावच दिसतो. टायरवाले आमचे अध्यक्ष म्हणाले, हे चाक आहे, काळाचं. औषधवाल्याने चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाला, मला ओल दिसते. त्याच्यावर सगळे नाराज आहेत.

आणि एवढंच नाही. त्या भिंतीच्या पलीकडे, मागच्या गल्लीत, एक म्हातारा राहतो. एकटाच असतो, नाव कुणाला ठाऊक नाही, आम्ही त्याला कुरकुऱ्या म्हणतो. गाणं जरा रंगात आलं की हा पूर्ण वळसा घालून आमच्या दाराशी यायचा, 'हळू म्हणा, देव बहिरा नाही' एवढं ऐकवायचा आणि आला तसा परत जायचा. वर्षानुवर्षं हेच. गेल्या आठवड्यापासून एकदाही फिरकला नाही. इकडे ओल उमटली आणि तिकडे त्याचं तोंड मिटलं. मी म्हणते, त्याचंही मन वळलं. देव आमच्या गल्लीत आलाय, नळ्या. तूही आता जरा इकडे वळावंस असं मला फार वाटतं.

हा घे दुसरा आशीर्वाद.

आत्या


५ फेब्रुवारी

ती. आत्या,

वाकून नमस्कार. दिवसभर वाकलेलाच असतो, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.

पत्र शेवटपर्यंत वाचलं, दुसरा आशीर्वाद पोचला. आता माझं ऐक. लोकांच्या घरातल्या ओलीवर माझं पोट चालतं. ओलीत मी आजवर हत्ती बघितलेत, नकाशे बघितलेत, एका बाईला तर तिच्या सासऱ्याचं नाक दिसायचं आणि ती भिंत रंगवू देत नव्हती. देव अजून बघितला नाही.

तुझ्या भिंतीचं निदान इथे बसून करतो. बाहेर थंडी आहे. आत तुम्ही एवढी माणसं दारं-खिडक्या लावून तास-तासभर बेंबीच्या देठापासून गाता. तोंडाची वाफ जाणार कुठे? सगळ्यात गार भिंत बघून तिथे जाऊन बसते. तुम्ही ज्याला हात जोडताय तो तुमचाच श्वास आहे. खिडक्या उघड्या टाकून गा. हात, पाव, चाक, सगळं सुकून जाईल.

आणि तो कुरकुऱ्या लेकीकडे गेला असेल. म्हातारी माणसं थंडीत लेकीकडे जातात. मन वळायची एवढी घाई कुणालाच नसते, मलाही नाही. देवाला मला काही सांगायचंच असेल तर त्याने सरळ येऊन सांगावं. माझ्या दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसते.

रागावू नकोस. तब्येत सांभाळ. खिडकीत तू बसू नकोस, पाववाल्याला बसव.

तुझा,
नळ्या


७ फेब्रुवारी

चि. नळ्यास,

आशीर्वाद, या वेळी एकच, कारण तू अगाऊपणा केलास.

खिडक्या उघडल्या. काल अख्खं प्रार्थनाघर शिंकत होतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि शिंका देऊनच खाली बसले, तेवढा एक फायदा झाला. ओल तसूभर कमी नाही. उलट हाताला आता अंगठा फुटलाय आणि खालून पाण्याचा ओघळ सुटलाय. श्वास कधी ओघळतो का रे?

पुढचं ऐक. परवापासून भिंतीतून टकटक ऐकू येते. हलकी, थांबून थांबून, भांड्यावर चमचा वाजवावा तशी. पहिल्यांदा आली तेव्हा मी हात जोडले. पाववाल्याने होता तिथेच गुडघे टेकले. आता बाहेरच्या वस्त्यांतूनही लोक येतात. अध्यक्षांनी भिंतीपुढे दोरी बांधलीय, कुणी हात लावू नये म्हणून. टकटक झाली की आम्ही आवाज चढवतो, आमच्याकडून उत्तर म्हणून.

एक सांगते, हसू नकोस. दुकान बंद केलं त्या दिवशी मशीनवर कापड घातलं आणि म्हटलं, देवा, माझ्याजोगं काही काम उरलं असेल तर कळव. नसेल तर तेही कळव, म्हणजे वाट बघायला नको. वर्ष होत आलं, काही कळलं नाही. म्हणून ही ओल मला तुझ्यासारखी हसण्यावारी नेता येत नाही.

आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. मशीनचं वाचून हसलो नाही. दुकान बंद केल्याचं तू मला कळवलंस ते 'आता आराम' एवढ्या दोन शब्दांत, आणि मीही लगेच विश्वास ठेवला.

ओलीच्या बाबतीत माझं चुकलं, मान्य. ओघळ म्हणजे गळती. त्या भिंतीत किंवा भिंतीला लागून पाइप आहे आणि त्याचा एखादा जोड सुटलाय. टकटकही त्याचीच. पाइपात हवा कोंडली की पाणी सुटताना तो ठोके देतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने याच आवाजाला घाबरून घर विकायला काढलं होतं. पाच मिनिटांचं काम निघालं.

तू एवढंच बघ की टकटक नेमकी केव्हा होते. आसपास कुणी नळ सोडला की होते का? तसं असेल तर शंकाच नको. मी स्वतः आलो असतो, पण इथे एका नव्या इमारतीचं काम अंगावर आहे आणि तिथला मुकादम माझ्या पाठीवर बसलाय. महिनाअखेरीस येतो.

पाववाल्याला म्हणावं, गुडघे जप. फरशी गार असते.

तुझा,
नळ्या


१२ फेब्रुवारी

चि. नळ्यास,

आशीर्वाद. तू सांगितलंस तसं बघितलं. औषधवाल्याला त्याच्या मोरीत उभं केलं, पाववाल्याला त्याच्या भट्टीमागे, आणि नळ सोडून बंद करायला लावले. टकटकीला त्याचं काहीच नाही. तिचं लक्ष आमच्याकडे आहे.

आम्ही गात असलो की ती गप्प असते. कडवं संपलं, दम घ्यायला थांबलो, की सुरू. पुन्हा गायला लागलो की बंद. जणू आमचं ऐकून घेते आणि मग आपलं सांगते.

काल पाववाल्याने धीर केला. दोरीखालून वाकून गेला आणि भिंतीवर दोनदा वाजवलं. आतून दोनदा आलं. तीनदा वाजवलं, तीनदा आलं. सगळे रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांत देवाने मला हाक मारली असं मला पहिल्यांदा वाटलं. आम्ही मग असं गायलो की खिडकीची तावदानं थरथरली. अध्यक्षांनी दोरीच्या जागी पितळी कठडा करायला टाकलाय.

तुझ्या कोंडलेल्या हवेला दोन आणि तीन मोजता येतात का, ते सवडीने कळव.

आत्या


१४ फेब्रुवारी, दुपार

आत्या,

नमस्कार नंतर. हे वाचलंस की हातातलं टाक आणि मागच्या गल्लीत जा. एकटी जाऊ नकोस, औषधवाल्याला घे.

पाण्याला कडवं संपलेलं कळत नाही. हवेला मोजता येत नाही. पलीकडे माणूस आहे. तुम्ही गात असताना आपलं ऐकू जाणार नाही म्हणून तो थांबतो आणि तुम्ही थांबलात की वाजवतो. तो कुरकुऱ्या लेकीकडे गेलेला नाही.

तू ज्यावरून मला फोन करतेस त्या औषधवाल्याच्या नंबरावर मघापासून फोन लावतोय. वाजतो आणि बंद होतो, कुणी उचलत नाही. मुकादमाला सांगून निघालोय, आता गाडीच्या थांब्यावर उभा आहे. हे पत्र इथल्या पेटीत टाकतो. बहुतेक पत्राआधी मीच पोचेन, मग लिहितोय कशाला तेही कळत नाही. हात स्वस्थ बसत नाहीत.

मी तुला श्वास सांगितला, मग हवा सांगितली. भिंतीमागे कोण राहतं ते तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस आणि मीच त्याला इथे बसल्या बसल्या लेकीकडे पाठवून दिलं. गाडी आली.

नळ्या


१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. नळ्यास,

आशीर्वाद. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. कागद औषधवाल्याचा आहे, मागे खोकल्याच्या औषधाची जाहिरात छापलीय, तिकडे बघू नकोस. तुझं शेवटचं पत्र अजून आलेलं नाही. त्यात तू हवेचं काय सांगणार होतास ते आता राहू दे.

आज दुपारी झाडायला गेले होते. प्रार्थनाघर रिकामं होतं. भिंतीजवळ गेले तर टकटक झाली, अगदी दमल्यासारखी. मी दोरी ओलांडली. इतक्या लोकांसमोर कधी ओलांडली नव्हती, पण एकटीच होते. ओल्या जागेवर तळवा ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, 'देवा, काय हवंय? सांग तरी.'

पलीकडून कुणीतरी खोकलं.

खोकला चांगला लांबला, मग काहीतरी पत्र्याचं खाली पडलं आणि गडगडत गेलं. नळ्या, मी फार शिकलेली नाही, पण देव खोकत नाही एवढं मला कळतं. झाडू तिथेच टाकला आणि निघाले.

मागच्या गल्लीत जायला आमच्या बाजूने वाट नाही. मोठ्या रस्त्याने टायरच्या गोदामावरून वळसा घ्यावा लागतो. इतकी वर्षं या प्रार्थनाघराची किल्ली कमरेला लावून फिरतेय आणि त्या गल्लीत मी आज पहिल्यांदा पाऊल टाकलं. म्हातारा कुरकुर करायला एवढं चालून यायचा, हेही आजच समजलं. माझे तर गुडघे बोलायला लागले. वाटेत औषधवाल्याच्या दुकानात डोकावून नुसतं 'चला' म्हटलं. त्याचा हा गुण आहे, तो कशाला म्हणून विचारत नाही. दुकान उघडं टाकून आला. मागे फोन वाजत होता, तोही त्याने वाजू दिला.

म्हाताऱ्याची खोली रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं. दाराच्या कडीला पिशवी, तिच्यात दूध आणि पाव. दूधवाला अंधार असतानाच टाकून जातो आणि महिन्याचे पैसे आगाऊ घेतो, म्हणून त्यालाही कधी तोंड बघावं लागत नाही. हाक मारली, उत्तर नाही. पाण्याने फुगलेलं दार हातभर फटीवर अडकलं होतं, औषधवाल्याने खांदा लावून उघडलं.

फरशीभर पाणी. बेसिनखालचा पाइप जोडातून निघालेला. पडताना म्हाताऱ्याने तोच धरला असणार. भिंतीला लागून खाट, खाटेवर तो. अर्धं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. हळू म्हणा, देव बहिरा नाही, असं ठणकावणारी ती जीभ आता तोंडात नुसती पडून होती. फरफटत दारापर्यंत जाऊन जमेल तेवढं दूध आणत होता, पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. डाव्या हातात चमचा. खाटेजवळून जाणाऱ्या पाइपाचा रंग एका जागी उडून खालचं लोखंड चकाकत होतं.

मी विचारलं, 'रोज तुम्हीच वाजवत होता?'

त्याने चमचा एकदा पाइपावर मारला.

माफी मागायलाही तोंड नव्हतं, कारण तो ज्या ज्या वेळी आम्हाला बोलावत होता त्या त्या वेळी सर्वांत मोठा आवाज माझा होता. मी खाटेपाशी बसले आणि त्याचे ओले पाय पदराने पुसायला लागले. तेवढ्यात काय केलं म्हणशील त्याने? मला आवाजावरून ओळखलं असावं. चांगला हात उचलला, कानावर धरला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. औषधवाला हसला. मग मीही हसले, आणि त्यातच रडूही आलं.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. आता धोका टळलाय. मी इथेच थांबणार आहे. प्रार्थनाघराची किल्ली माझ्याकडेच राहिली, म्हणजे आज तिथे गाणं झालेलं नाही.

आत्या

ता.क. पाकीट बंद करत होते, तोवर तूच दारातून आत आलास. चपलांना चिखल आणि तोंड उतरलेलं. तरी हे टपालात टाकतेय. घरी परतलास की वाच, मला हे तोंडाने इतकं नीट सांगता येणार नाही.


८ मार्च

चि. नळ्यास,

आशीर्वाद. तू गेल्यापासून भिंत सुकत चाललीय. हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिलाय. जोड छान बसवलास. तुझ्या डोळ्यात पाइपातली घाण गेली होती, ते डोळे आता कसे आहेत? औषधवाल्याने दिलेले थेंब घालत जा.

तू निघालास त्या रविवारी जे झालं ते कळवायचं राहिलं होतं. अध्यक्ष आदल्या दिवशी घरी आले. चहा घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, झालं ते चांगलंच झालं, म्हातारा वाचला, पण सगळ्यांसमोर त्याचा उच्चार नको. आपल्या रोजच्या माणसांना कळलंय तेवढं पुरे, लांबून लोक येतायत, त्यांची श्रद्धा मोडेल. ओल आपोआप सुकली असं म्हणू, खूण देऊन देव गेला असं म्हणू. कठड्याची ऑर्डरही गेलीय. मी बरं म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी ते 'बरं'च धरलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले, बाक पुरेनात. सवयीप्रमाणे मी गाणं धरायला उभी राहिले आणि गाणं येईना. मग जे होतं ते सांगून टाकलं. भिंतीपलीकडे एक माणूस पडला होता, मदतीसाठी हाका मारत होता आणि आपण त्याच्या हाकेवर आवाज चढवत होतो, मी सगळ्यांच्या वर. कोण होता तेही सांगितलं. आपण त्याला काय म्हणायचो तेही, आणि त्याचं खरं नावही. हॉस्पिटलच्या कागदावर ते मी पहिल्यांदा वाचलं होतं.

लांबून आलेली बरीच माणसं उठून गेली, चपला घालण्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. अध्यक्ष छताकडे बघत होते. मग एका बाईने, पोरीला कडेवर घेतलेल्या, विचारलं, म्हणजे खूण नव्हतीच का? मी म्हटलं, 'होती. तिच्यावर पत्ता होता, तो आपण वाचला नाही.' नळ्या, हे मी ठरवून बोलले नाही. बोलून झाल्यावर मलाच ते ऐकू आलं.

दोरी पाववाल्याने सोडली. दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटलात त्याचा पाव सुरू झाला. पाव म्हाताऱ्याला चाववत नाही, मग मीच सुपात बुडवून देते. आम्ही आता आळीपाळीने जातो. अध्यक्षही एकदा आले, त्याच्या चाकांच्या खुर्चीच्या टायरांत हवा भरून गेले. ज्याला जे येतं ते त्याने करावं.

म्हाताऱ्याला बोलायला शिकवायला एक मुलगी येते. तिने कितीतरी शब्द पुढे करून बघितले, दूध, पाणी, हो, नाही. हा ढिम्म. परवा मी उशाशी बसून आपल्याच नादात गुणगुणत होते, तर स्पष्ट म्हणाला, 'हळू.' ती मुलगी आनंदाने उडाली. मी मात्र लगेच गप्प झाले.

आणि माझं सांगते. त्याला एका हाताने सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, रोज नर्सची वाट बघत उघडा बसतो. मी त्याचा सदरा घरी आणला, बटणं काढली आणि तिथे चिकटणाऱ्या पट्ट्या शिवून दिल्या. मोठ्या टाक्यांचं काम आहे, डोळ्यांना जमतं. दुसऱ्या दिवशी त्याने तो स्वतः घातला आणि सगळ्या वॉर्डाला दाखवत बसला. आता शेजारच्या खाटेवरचा विचारतोय, त्याच्या पलीकडचाही. मशीनवरचं कापड काढलंय. तेल घातलं आणि मशीन पहिल्यासारखं बोलतंय.

ये कधीतरी, मनात आलं म्हणून. गळती व्हायची वाट बघू नकोस.

आत्या


१५ मार्च

ती. आत्या,

वाकून नमस्कार, आणि हा मुद्दाम वेगळा वाकून केलाय.

थेंब घालत नाही. डोळ्यात घाण गेली नव्हती. तेव्हा सांगायला संकोच वाटला, आता लिहितो.

त्या खोलीत मी बेसिनखाली पाठीवर पडून जोड बसवत होतो. बसला की नाही ते बघायला सवयीने पान्याने पाइपावर ठोकलं. पलीकडे तुमचं गाणं चालू होतं. ते मध्येच, एका शब्दाच्या अर्ध्यावर थांबलं. एकदम सगळ्यांचं. मग धावण्याचा आवाज. मी आपला आडवाच. थोड्या वेळाने पायऱ्यांवरून पाववाला उतरला, कोपरापर्यंत पीठ, धाप लागलेली. एवढा वळसा धावत घालून आला होता. म्हणाला, 'काय हवंय?' मी म्हटलं, काही नाही, पाइप तपासत होतो. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, दम खाल्ला आणि म्हणाला, बरं, वाजलं म्हणून आलो. आणि गेला.

तो गेल्यावर मला रडू फुटलं, आत्या. आडवा असल्यामुळे सगळं पाणी कानात गेलं. कशाबद्दल रडतोय तेही कळेना. माझं कुणी गेलेलं नाही, मला कुणी काही बोललेलं नाही. एवढंच डोक्यात आलं की आयुष्यभर मी लोकांच्या भिंती ठोकत आलो आणि नुसता पाइपाचा आवाज ऐकत आलो. तेवढ्यात तू चहा घेऊन खाली आलीस, म्हणून घाणीचं सांगितलं.

मी काही उद्यापासून प्रार्थनाघराच्या पहिल्या बाकावर बसणार नाही. देवाचं मला अजून काही ठरवता आलेलं नाही. पण परत आल्यापासून एक झालंय, ते तुलाच सांगतो. इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, याचाच एखादा जोड सुटला.

माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर एक बाई राहते. वयस्कर असावी. असावी म्हणतो, कारण इतकी वर्षं मला तिची फक्त पावलं ठाऊक. सकाळी इकडून तिकडे, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग दिवसभर काही नाही. तिच्याकडून मला कधी कामाचं बोलावणं आलं नाही आणि बोलावणं आल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही. धंद्याची रीतच तशी आहे.

काल रविवार. चहा घेत बसलो होतो, वर खुर्ची ओढली गेली. रोजचाच आवाज, त्यात बिघडलेलं काही नव्हतं. मी कप ठेवला आणि जिना चढायला लागलो. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं की हत्यारांची पिशवी खांद्याला नाही. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. परत फिरावंसं वाटलं, पण पाय वरच चालले होते. बेल वाजवली.

कितीतरी वेळाने दार उघडलं, साखळी तशीच ठेवून. फटीतून एक चष्मा आणि पांढरे केस. ती मला ओळखत होती, पाटी बघितलेली असणार. म्हणाली, 'तुम्ही नळवाले ना? माझ्याकडे काही गळत नाही. मी बोलावलं नव्हतं.'

मी म्हटलं, माहीत आहे.

'मग कुणी बोलावलं तुम्हाला?'

जिन्यात मी दोन-तीन वाक्यं तयार केली होती. शेजारधर्म वगैरे. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. म्हणालो, 'ते मलाही नीट सांगता येत नाही. पण बोलावलंय खरं.'

तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हातांकडेही. मग दार लावून घेतलं. मी जायला वळलो, तेवढ्यात आतून साखळी काढल्याचा आवाज आला.

तुझा,
नळ्या